ओठ न हलवता

एजवेअर
१२ जानेवारी २०२५

तनिषा,

आधी आशीर्वाद घे, मग हवं तर रागव.

तुझी ईमेल तुझ्या बापाने, यतीनने, छापून माझ्या हातात ठेवली. सोळा वर्षांत तू मला लिहिलेलं हे सगळ्यात लांब लिखाण, पाच ओळींचं. "आत्या, मला लीड मिळालाय, ग्लासगोची फिल्म आहे. त्यात चार मिनिटं मराठीत बोलायचंय. सोबतचं पान बघून सांगशील का, करेक्ट आहे का? प्लीज कॉल नको करू. लिही." म्हणून लिहिते आहे. फोनवर मी भांडते असं तुझं म्हणणं. मी भांडत नाही, माझा आवाजच तसा आहे. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत बावीस वर्षं मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं असं तुझा बाप म्हणतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. शनिवारच्या मराठी वर्गातली बाकीची मुलं बाराखडी संपायच्या आत फुटबॉलला पळाली. तुला मात्र मी जोडाक्षरांपर्यंत ओढत नेलं होतं. तेव्हा रडलीस, आता उपयोगी पडतंय की नाही?

लीड! यतीनने सांगितलं तेव्हा मी फोडणी करत होते. मोहरी जळाली, घरभर धूर, आगीचा अलार्म कोकलायला लागला आणि मी तशीच समोरच्या मिसेस कोहेनना सांगायला रस्ता ओलांडून गेले. त्यांना वाटलं घराला आग लागली. म्हटलं, आग नाही हो, माझी भाची सिनेमाची हिरॉइन झाली.

तुला आठवत नसेल म्हणून लिहून ठेवते. तू आठ वर्षांची होतीस. टीव्हीवाल्यांची एक बाई आपल्या मराठी वर्गात आली. हॉस्पिटलच्या मालिकेत त्यांना एक आजारी मुलगी हवी होती. तिने सांगायचा अवकाश, वर्गातली सगळी पोरं पोट धरून विव्हळायला लागली. तू एकटी जमिनीवर आडवी झालीस आणि छताकडे बघत राहिलीस, काही न बोलता. तिने तुलाच निवडलं. इथे लहान मुलाने शूटिंगला जायचं तर कौन्सिलचं लायसन्स असलेलं एक मोठं माणूस सोबत लागतं. शॅपरोन म्हणतात त्याला. यतीन दातांच्या दवाखान्यात, तुझी आई निवेदिता बँकेत, उरले मी. लायब्ररीतली नोकरी सोडून मी ते लायसन्स काढलं आणि पाच वर्षं तुझा डबा, तुझा गृहपाठ आणि तुझं जॅकेट सांभाळलं. मग ती समुद्रकाठच्या गावातल्या चार पोरांची मालिका आली, चोर पकडणाऱ्या. दुर्बीणवाली मुलगी म्हणजे तू. इल्फर्डच्या बाजारात एका बाईने तिच्या मुलीच्या शाळेच्या शर्टावर तुझी सही घेतली होती. त्या शर्टाचं पुढे शाळेत काय झालं कोण जाणे.

तेराव्या वर्षीच्या त्या मोठ्या सिनेमाबद्दल मी काय बोलू. त्या दिग्दर्शकाला आपल्या रंगाची मुलगी पडद्यावर जवळून दाखवायचीच नव्हती. हे मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. त्यानंतर तू मला सेटवर येऊ दिलं नाहीस आणि दिवाळीला "हाय आत्या, बाय आत्या" यापलीकडे बोलली नाहीस. त्याचंही मी काही म्हणत नाही. पण तुझं सगळं पाहिलंय मी. संशयिताची बहीण झालीस, केमिस्टच्या काउंटरमागची मुलगी झालीस, तीनदा रिसेप्शनिस्ट झालीस. ग्लासगोच्या नाट्यशाळेत गेलीस, तिथल्या रंगभूमीवर तुझं नाव झालं, ते मी पेपरांत वाचलं. एका पोलिसी मालिकेत तू सव्वीस सेकंद होतीस. ते मी चार वेळा पाहिलं.

आता तुझं ते पान. भाषांतर कोणी केलंय? गोष्ट इतकी चांगली आहे. ग्लासगोत बस चालवणारी मराठी बाई, जिच्याशी बापाने बोलणं टाकलंय, आणि एक दिवस तोच म्हातारा बाप तिच्या बसमध्ये चढतो. ती ड्रायव्हरच्या सीटवरून मागे न वळता, रस्त्यावरची नजर न काढता, त्याच्याशी चार मिनिटं बोलते. आणि शेवटी काय म्हणते? "कृपया आपण बसमधून खाली उतरू नये." अगं, बापाशी बोलतेय की प्रवाशांना सूचना देतेय?

मी सगळं नव्याने लिहून सोबत पाठवलंय. शेवटचं वाक्य एवढंच ठेव: "उतरू नका, बाबा."

तुझी आत्या


एजवेअर
९ फेब्रुवारी २०२५

तनिषा,

तू फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेलं मी ऐकलं. यतीनने तीनदा लावून दिलं, मग कंटाळून फोन माझ्याजवळ ठेवून गेला. 'चिडले'मधला च अजून टोचतोय, पण तो रागात खपून जाईल. 'तुमच्याशिवाय मी शिकले बाबा, पण तुम्हाला दाखवायला शिकले' या वाक्यावर तू जो श्वास घेतेस तो तसाच ठेव. मी स्वयंपाकघरात डोळे पुसले. निवेदिता आली म्हणून कांदा चिरायला घेतला. मग नसत्या वेळी कांदाभजी करावी लागली.

तू लिहितेस की हा सीन कापाकापी न करता एका दमात घ्यायचाय, कॅमेरा बसच्या समोरच्या काचेबाहेर, चार मिनिटं फक्त तुझा चेहरा. बापाचं काम ग्लासगोचे एक निवृत्त मराठी डॉक्टर करताहेत, पुरुषोत्तम बापट, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यात पहिल्यांदाच अभिनय करणारे. चेहरा चांगला म्हणून घेतलं असणार. त्यांना म्हणावं मागे स्वस्थ बसा आणि खोकू नका.

मी मध्ये यतीनच्या फोनवरून विचारलं होतं की त्या दिवशी मी ग्लासगोला येऊ का. उच्चार तपासायला कोणीतरी हवंच ना? तू उत्तरात लिहिलंस, "बघू." तुझं 'बघू' मला ठाऊक आहे, ते निवेदिताकडून आलंय. त्याचा अर्थ नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करते. तू लहान असताना सेटवर मी कॅमेऱ्यामागे उभी राहून ओठ हलवायचे. कधीकधी. पण ते कशातून आलं तेही आठव. तू पाच वर्षांची होतीस, मंडळाच्या नाटकात ससा होतीस, एकच वाक्य होतं आणि तेही तू विसरलीस. तू विंगेकडे पाहिलंस, मी आवाज न काढता ओठांनी ते वाक्य म्हटलं, तू ते उचललंस आणि हॉलभर टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून आपलं ठरूनच गेलं. तुला वाक्य आठवत असलं तरी तू एकदा माझ्याकडे बघायचीस आणि मी ते ओठांनी म्हणायचे. घरी जेवतानासुद्धा आपण तो खेळ खेळायचो. त्यात वाईट काय होतं?

तो तेराव्या वर्षीचा सिनेमा मात्र वेगळ्या कारणाने बिघडला, एवढं माझं म्हणणं कायम आहे.

तुझी आत्या


एजवेअर
२ मार्च २०२५

तनिषा,

तू एकच ओळ पाठवलीस. "ट्रेनमध्ये मी विचारलं तेव्हा तू नाही का म्हणालीस?"

हे पत्र तीनदा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिणार आहे.

तेराव्या वर्षीच्या त्या सिनेमाचा, त्याच्याशी संबंधित लोकांसाठी सोहोमध्ये ठेवलेला तो पहिला खेळ होता. निवेदिताने पैठणी नेसली होती, तू निळा फ्रॉक घातला होतास. सिनेमात तू युद्धाच्या काळातली मुलगी होतीस, आईबाप बोटीने निघून जातात आणि ती यॉर्कशरच्या एका मोठ्या घरात मागे राहते. तिने निरोप घेण्याचा सीन, दोन पानांचे संवाद, तू महिनाभर पाठ केले होतेस. पडद्यावर तो सीन आला आणि तू सगळा वेळ पाठमोरी होतीस. तुझा आवाज आणि तुझी वेणी. नंतर तू थेट दिग्दर्शकाकडे गेलीस आणि विचारलंस, चेहरा का नाही? त्याने गुडघ्यावर बसून सांगितलं की प्रत्येक वेळी तुझी नजर क्षणभर एका बाजूला जाते, आम्ही खूप प्रयत्न केला. परतीच्या ट्रेनमध्ये तू माझ्या शेजारी बसलीस आणि हळूच विचारलंस, "आत्या, तू दिव्याच्या मागे लिप्स हलवत होतीस ना?"

मी नाही म्हणाले.

तू माझ्याकडे जसं पाहिलंस ते मी विसरलेले नाही. तुला माहीत होतं. तू मला पाहिलं होतंस, आणि मी तुझ्या तोंडावर नाही म्हणाले.

आता जे तुला माहीत नाही ते. मला दोनदा सांगण्यात आलं होतं. पहिल्यांदा हेडसेट लावलेली एक मुलगी आली आणि फार सभ्यपणे म्हणाली की मी तनिषाच्या नजरेच्या टप्प्यात बसते आहे, खुर्ची जरा पलीकडे नेते का. मी नेली. दुपारपर्यंत मी परत दिव्याजवळच्या फटीत येऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक स्वतः आला. माझ्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला, हसला आणि म्हणाला, "तिला तुमची गरज नाही हो. तिला सगळं येतं."

तो तुझं कौतुक करत होता. मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं.

मला लग्न करायचं नव्हतं, केलं नाही, त्याचं दुःख नाही. नागपूर सोडून भावाच्या घरी राहायला आले, तेही मजेत राहिले. पण त्या पाच वर्षांत मला पहिल्यांदा असं झालं होतं की माझ्याशिवाय कुणाचं तरी पान हलत नाही. आणि हा गोरा माणूस हसत हसत म्हणतो की गरज नाही. मी मनात म्हटलं, बघतेच. निरोपाच्या सीनला मी त्या मोठ्या दिव्याच्या मागे गेले, जिथून फक्त तुला दिसेन. अकरा वेळा तो सीन घेतला. अकराही वेळा मी तुझा शब्द न् शब्द ओठांनी म्हटला आणि अकराही वेळा तू माझ्याकडे पाहिलंस. मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते, मला बरं वाटलं.

मग सिनेमा आला, आणि मी घाबरले. घरी सांगितलं की तो माणूस वर्णद्वेष्टा आहे. यतीन पेटला. मंडळात सांगितलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण इथे राहून प्रत्येकाने कुठे ना कुठे असं काही सोसलेलं होतं. त्यांच्या खऱ्या दुखण्यावर मी माझं खोटं पोसलं. तुला पुढे काम मिळेना. 'त्या मुलीची नजर ठरत नाही' असं तुझ्यामागे बोललं जात होतं, आणि घरात आम्ही तुला सांगत होतो की तुझ्यावर अन्याय झालाय. तू कुणाला काही बोलली नाहीस. तेरा वर्षांच्या मुलीने माझं खोटं झाकून ठेवलं.

तुझी नजर कधीच चुकत नव्हती. ती मी खेचत होते.

ग्लासगोला ये म्हणू नकोस. मी विचारायलाच नको होतं. माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. तुला खरं हवं होतं, ते हे आहे.

आत्या


ग्लासगोहून लंडनच्या ट्रेनमध्ये
२५ एप्रिल २०२५

तनू,

आत्ताच तुला सोडून निघाले आणि लगेच लिहायला बसले आहे. गाडी हलते म्हणून अक्षर असं आलंय, म्हातारी झाले म्हणून नाही.

तीन आठवडे तुझ्याकडून एक शब्द नव्हता. मी धरून चालले की संपलं. मग यतीनच्या फोनवर माझ्या नावाचं रेल्वेचं तिकीट आलं आणि खाली तुझा निरोप, "२४ एप्रिल. जाड स्वेटर आण." मी दोन आणले.

मी ठरवून आले होते की तुझ्या सीनच्या वेळी चहाच्या तंबूत बसायचं. डेपोमध्ये ती बस उभी, काचेबाहेर कॅमेरा, तीस-चाळीस माणसं, आणि आत युनिफॉर्म घालून तू. मला वाटलं होतं तू लहान दिसशील. अजिबात नाही. पहाटेपासून शहरात बस चालवून आलेली बाई दिसत होतीस. डॉ. बापट मागे तिसऱ्या सीटवर हातरुमाल घट्ट धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, मला फार टेन्शन आलंय." मी कुणाची वहिनी नाही हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

मी तंबूकडे निघाले तेवढ्यात तू खिडकी सरकवून तिथल्या माणसाला म्हणालीस, "खुर्ची इथे ठेवा." इथे म्हणजे कुठे, तर कॅमेऱ्याला अगदी चिकटून. तुझ्या थेट समोर. मी म्हटलं, तनू, नको. तू म्हणालीस, "आत्या, बस." फियोना, तुमची दिग्दर्शिका, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि मान डोलावली. तिला सगळं सांगितलं असणार तू.

मी बसले. बटणं गळ्यापर्यंत लावली. दोन्ही स्वेटरांची.

आणि तू सुरू केलंस. तनू, मी आयुष्यभर नटांना विंगेतून पाहिलं, म्हणजे बाजूने. समोरून चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. तू रस्त्याकडे बघत होतीस. समोर डेपोची भिंत आहे हे मला माहीत होतं, पण मला तुझ्या डोळ्यांत सिग्नल दिसला, पाऊस दिसला, रस्ता ओलांडणारी माणसं दिसली. माझ्या डोक्याच्या वीतभर बाजूने तुझी नजर जात होती आणि मी तिथे नव्हतेच. चिडलीस, हसलीस, बस चालवायला शिकल्याची गोष्ट सांगितलीस, श्वास बरोबर जागेवर घेतलास. तीन मिनिटं झाली. मागे डॉक्टर उठून उभे राहिले, दाराकडे यायला लागले. आणि तू थांबलीस.

शेवटचं वाक्य राहिलं होतं. मी लिहिलेलं, तीन शब्दांचं. तुला आठवेना.

पानं धरून बसलेल्या बाईने बोट त्या ओळीवर नेलं. फियोनाचा हात थोडा वर आला, शूटिंग थांबवायला. तू रस्त्याकडेच बघत होतीस. मला ते वाक्य येत होतं, तनू. जिभेवर होतं. बावीस वर्षांची सवय आहे, नट अडखळला की माझं तोंड आपोआप उघडतं. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. मनात म्हटलं, अर्चना, गप्प बस, मेलीस तरी गप्प बस. ती पानंवाली बाई नंतर म्हणाली अकरा सेकंद होते. मला वाटलं माझं सगळं आयुष्य गेलं.

मग तू म्हणालीस, "उतरू नका, बाबा."

डॉक्टर तिथेच खांबाला धरून रडायला लागले, ते काही पानात लिहिलेलं नव्हतं. फियोनाने कट म्हटलं तेव्हा तिच्याही आवाजात पाणी होतं. पुन्हा एकदा घेऊ का विचारलं कोणीतरी, ती म्हणाली, नाही, हाच. सगळ्या डेपोने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या लेनमधले खरे बस ड्रायव्हरसुद्धा वाजवत होते. तू खाली उतरलीस, माझ्यापाशी आलीस आणि विचारलंस जेवलीस का. बस्स, एवढंच. मग आपण तंबूत बसून थंड पास्ता खाल्ला, आणि मला तो फार आवडला.

कार्लाइल गेलं आत्ता. डोळे सारखे भरून येतात, समोरचा मुलगा मला टिश्यू देतोय.

आत्या


एजवेअर
८ डिसेंबर २०२५

तनू,

पाहिलं! टीव्हीवरचा बक्षीस-समारंभ सगळ्यांनी मिळून पाहिला! तुझं नाव घेतलं तेव्हा यतीन सोफ्यावर उभा राहिला, चष्मा पडला, त्यावर पाय पडला. वर्षातली सर्वोत्तम अभिनेत्री. तू स्टेजवर चढलीस ते काय चालणं होतं, कुठेही घाई नाही. भाषणात तू कुणाचे फारसे आभार मानले नाहीस, हे मला आवडलं. ग्लासगोच्या बस ड्रायव्हरांचे मानलेस आणि डॉ. बापटांचे. डॉक्टरांचा मला लगेच फोन आला. त्यांना म्हणे आता दोन सिनेमांची विचारणा आहे. भाव खाताहेत.

ऑक्टोबरमध्ये फेस्टिव्हलला तुझ्यामागच्या रांगेत बसून मी सिनेमा पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. आठशे माणसांचं थिएटर, तू बसमध्ये थांबलीस आणि कुणाच्या खुर्चीचा आवाज नाही, कुणाचा श्वास नाही. सगळ्या पेपरांनी त्या शांततेबद्दल लिहिलंय. एकाने तर नुसतं तेवढ्यावर अर्धं पान खर्च केलं. ज्या मुलीची नजर ठरत नाही म्हणत होते, तिच्या नजरेवर अर्धं पान! कात्रणं मी फाइल करून ठेवली आहेत. वरदला, म्हणजे मिसेस कोहेनच्या शेजारी आलेल्या त्या पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला, दाखवूनही झाली. तो म्हणाला, काकू, मी दोनदा पाहिलाय. मी म्हटलं, तिसऱ्यांदा पाहा.

आता दुसरं. मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार ठेवला होता. तुला शूटिंग होतं, म्हणून शाल आणि नारळ तुझ्या वतीने मी घेतला. सेक्रेटरी ऋजुता म्हणाली, दोन शब्द बोला. तनू, मी मंडळाच्या स्टेजवर पहिल्यांदाच उजेडात उभी राहिले. मी सांगितलं सगळं. म्हटलं, सोळा वर्षं तुम्हाला सांगत आले की त्या दिग्दर्शकाने रंग बघून आपल्या मुलीला कापलं, ते खोटं होतं. त्याने मला दोनदा समजावलं आणि मी ऐकलं नाही. मुलीचं नुकसान मी केलं आणि नाव त्याचं घेतलं.

 ऋजुताने टाळी वाजवायला हात वर केले आणि मध्येच थांबवले. मग पहिल्या रांगेतले, तुझ्या मराठी वर्गातल्या सान्वीचे आजोबा उठले. तुझ्यासाठी त्या माणसाचा एकही सिनेमा सोळा वर्षं न पाहिलेले. म्हणाले, "अहो अर्चनाताई, म्हणजे आता मला सगळे बघावे लागणार." तेव्हा लोक हसले आणि मी खाली उतरू शकले. यतीन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा करून घेऊन आला, त्यात साखर विसरला होता, मी तसाच प्यायले. त्या दिग्दर्शकालाही पत्र टाकलंय, यतीनने इंग्रजी तपासून दिलं.

एकच गोष्ट माझ्यासाठी ठेवून घेतलीय, ती तुला सांगते. जो तो त्या अकरा सेकंदांबद्दल बोलतो. तू वाक्य विसरलीस आणि मला ते येत होतं आणि मी गप्प बसले. पासष्ट वर्षांत माझ्या हातून एवढं एक काम नीट झालं. कोणी विचारलं की मी सांगते. मिसेस कोहेनना सांगितलं, बँकेतल्या मुलीला सांगितलं. तुझ्या बक्षिसात तेवढा तुकडा माझा.

तुझी आत्या


ग्लासगो
१९ डिसेंबर २०२५

आत्या,

हे पत्र मी स्वतः लिहिली आहे. कोणाची हेल्प नाही. चुका दिसले तर लाल पेन नको काढू.

तुझी सगळी पत्रं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मार्चचा पत्र मी खूप वेळा वाचला. पहिल्यांदा एवढा राग आला की तीन आठवडे मी तुला काहीच लिहू शकली नाही. मग एक दिवस मी बसमध्ये होती, खऱ्या बसमध्ये, आणि एकदम रडायला आलं. कारण मी लहानपणी बरोबर बघितलं होतं. एवढी वर्षं मला डाउट होता, की मीच इमॅजिन केलं असेल. कोणीतरी मला सांगायला पाहिजे होतं की तू बरोबर होतीस. ते तू सांगितलंस. थँक यू.

आता तुला एक सांगायचं आहे. डॅड म्हणाला तू अख्ख्या एजवेअरला सांगतेस की मी लाइन विसरली.

आत्या, मी विसरली नव्हती. लाइन माझ्या तोंडात होती, पूर्ण वेळ. पण ती बाई बाबांशी इतकी वर्षं बोलली नाही, तिला "उतरू नका" म्हणायला तेवढा वेळ लागणारच ना. म्हणून मी थांबली. फियोनाला पण सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं कधी बोलायचं.

तू तोंडावर हात दाबून बसली होतीस ते मला फियोनाने जेवताना सांगितलं. मला कसं कळणार, मी रस्ता बघत होती.

मार्चमध्ये कार्डिफला माझी नवीन फिल्म चालू होते. ये. तुला पाहिजे तिथे बस.

तनिषा